मिठाच्या पाण्यात धुतलेलं लोणी

माय,

आज लोणी काढलं. थंडी पडली आहे, बाजारात लसणाची कोवळी पात आली आहे, आणि फ्रिजमधलं सायीचं भांडं भरलं होतं. आता रवी नाही. विरजलेली साय मिक्सरमध्ये घालते, गार पाणी ओतते, आणि तुझे दोरीचे चार हात ओढून होत नाहीत तोवर गोळा वर येतो. पुढचं सगळं मात्र हातानेच करते. गोळा धुते, परातीत थापते, फडक्यावर सुकवलेली पात आणि सांबार बारीक चिरते, भाजलेली मिरची कुटून घालते, लिंबाचे थेंब पिळते, सगळं कालवून त्याची वळकटी करते. इथे कोथिंबीर म्हटल्याशिवाय भाजीवाल्याला कळत नाही, पण चिरताना माझ्या मनात सांबारच असतो. पळसाची पानं फूलवाल्याकडून मागून आणते. घरी जेवायला आलेली माणसं गरम भाकरीवर ती हिरवी-पांढरी चकती ठेवतात, ती कडेने वितळताना बघतात, आणि विचारतात की हा प्रकार कुठला. मी सांगते, आमच्या घरचा. ते पुरतं खरं नाही. आपल्या घरात लोणी कशासाठी असतं हे ठरलेलं होतं. ते कढवायचं आणि त्याचं तूप करायचं. लोण्यात मीठ घालणं हे आपल्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि आत्यापुढे ते तोंडाने म्हणायचीही सोय नव्हती.

त्या हिवाळ्यात बाबा नव्हते. पाऊस सरता सरता त्यांना ताप आला, तो डोक्यात गेला, आणि बैलगाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली तेव्हा गाडीत जिवंत आपण दोघीच होतो, असं तू पुढे एकदाच म्हणालीस. ते जंगलखात्यात नाकेदार होते आणि आपलं कवेलूच्या छपराचं घर खात्याचं होतं. नवा नाकेदार होळीच्या आत यायचा होता. राजुऱ्याहून मामाचा निरोप आला की गाडी घेऊन येतो, बहिणीला आणि भाचीला घेऊन जातो, म्हशीला गिऱ्हाईक बघून ठेवा. पोट्टी लिहायवाचायपुरती शिकली, आता पुरे, असंही त्याने कळवलं होतं. आत्याचं नाव निरोपात नव्हतं. बाबांची ही थोरली बहीण नवरा गेल्यावर आपल्याकडे आली होती आणि मी तिच्याच मांडीवर वाढले. निरोप घेऊन आलेला माणूस ओसरीवर पाणी पीत होता आणि ती दारामागे उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर तिने त्याचा तांब्या उचलून नेला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घासला.

नाल्यापलीकडे बंगला होता. साहेबलोक दौऱ्यावर आले की तिथे उतरायचे, आणि तिथला म्हातारा खानसामा आपल्याकडून दूध न्यायचा. मी त्याला चाचा म्हणायची. त्याच्या डोळ्यांत सारा पडत होता, दिसणं कमी होत चाललं होतं. बल्लारशाला मुलाकडे जायचं त्याने ठरवलं होतं, आणि जाण्याआधी आपली जागा तुला मिळावी हे त्याने मनात घेतलं होतं. बंगल्यामागे एक खोली होती, खोलीला लागून गोठा होता. जागा मिळाली तर आपण तिघी तिथे राहू, म्हैस राहील, माझी शाळा राहील. नाही मिळाली तर मामाची गाडी. इतकं सरळ होतं ते, मलाही कळत होतं. माघात मोठे साहेब बायकोसह येणार होते आणि निर्णय त्यांच्या हातात होता.

चाचा ओट्यावर बसून सांगतो आहे, तू दही घुसळते आहेस. "बेटी, गोऱ्या साहेबाच्या टायमाले डब्यातलं लोणी येत होतं. मी त्यात लसूण, हिरवा पाला, निंबू, नमक मिलवून ठेवू. गरम गरम मच्छीवर एक चकती ठेवली का साहेब बोलेनासा होत होता. आता डबे येत नाईत. पन लोणी तं तुह्या घरी हाय."

आत्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"काय म्हणते तो? लोण्यात मीठ?"

"हो बाई."

"दुधदुभत्यात मीठ घालशीन वो तू? अंगावर कोड फुटन. म्हशीचे सड चिरतीन. भाऊ गेला, आता म्हैस बी घालव."

"म्हैस तं तशीबी इकाच लागते बाई, राजुऱ्याले जाचं असंन तं."

"मले कायले सांगतं? मले कोण नेऊन राह्यलं राजुऱ्याले?"

चाचाने टोपी सारखी केली आणि नाल्याकडे बघायला लागला. तू दोरी ओढत राहिलीस. रवीचा आवाज तेवढा बदलला, जड झाला, म्हणजे लोणी आलं होतं.

पहिल्या खेपेला ते बिघडलं. मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेल्या दगडी खलात तू खडेमीठ कुटलंस, पात आणि सांबार धुऊन तसाच ओला चिरलास, सगळं एकत्र मळून पानात बांधलंस. आत्या मीठ कुटण्याचा आवाज ऐकायला नको म्हणून गोठ्यात जाऊन बसली होती. सकाळी पान सोडलं तर लोण्याला हिरवं पाणी सुटलं होतं आणि वर मिठाचे कण तसेच बसले होते. चाचाने पान डोळ्यांपाशी नेलं, दिसलं नाही म्हणून नाकापाशी नेलं, मग बोटावर घेऊन तोंडात टाकलं. त्याच्या दातांखाली कचकच वाजली ती मला पायरीवर ऐकू आली.

"बेटी, हे लोणी हाय का वैनगंगेची रेती?"

"मीठ इरघळलं नाई चाचा."

"साहेबाचा दात पडला तं त्याची जागा खाली होईन, माही नाई."

तू हसलीस. बाबा गेल्यानंतर मी तुला पहिल्यांदा हसताना बघितलं ते त्या सकाळी. मग ते लोणी तू कढईत टाकलंस, तूप केलंस, आणि त्या तुपात लसूण जळून असा वास सुटला की आत्या दिवसभर पदर नाकाला लावून वावरली.

मी पुढे आयुष्यभर पुस्तकं शिकवली. लिहिणारा माणूस अडचणीतून कसा निसटतो, एकाच वाक्यात दोघांचं समाधान कसं करतो, हे मुलांना दाखवत राहिले. तू ते परातीत केलंस. लोणी धुण्याचं काम तू रोजच करत होतीस. ताकाचा पांढरेपणा जाईपर्यंत पाणी बदलायचं, गोळा दाबायचा, पुन्हा बदलायचं. त्या दिवशी शेवटच्या पाण्यात तू मूठभर मीठ टाकलंस आणि ते दिसेनासं होईपर्यंत ढवळलंस. मग त्यात गोळा धुतलास. मीठ लोण्यात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. आणि लोणी कितीही थापलं तरी थोडं पाणी पोटात धरून ठेवतं. तू ते चाखलंस, मला चाखायला दिलंस. कण कुठेच नव्हता. चव सगळीकडे सारखी होती.

आत्या परातीच्या काठाशी येऊन उभी राहिली.

"मीठ पाण्यात टाकलं. लोणी बी पाण्यात टाकलं. मंग मीठ लोण्यात गेलं नाई का?"

"मीठ पाण्यात हाय बाई."

"मले येडी समजतं का?"

"तुमाले नाई. म्हशीले समजावून राह्यली. लोण्यात म्या मीठ टाकलं नाई, तिनं सड कायले चिरू द्यावे?"

आत्याने तोंडावर पदर घेतला. रागावली असं मला वाटलं होतं. पण तिचे खांदे हलत होते.

पाण्याची अडचणही तू त्याच आठवड्यात सोडवलीस. पात आणि सांबार आदल्या संध्याकाळी धुवायचा, फडक्यावर सावलीत पसरायचा, पुरता कोरडा झाल्याशिवाय विळीला लावायचा नाही. लसूण ठेचायचा नाही, ठेचला की दुसऱ्या दिवशी उग्र होतो, पातच घ्यायची. लाल मिरची भाजून कुटायची. लिंबू शेवटी, थेंब थेंब, लोणी झेलेल तेवढंच. पळसाच्या पानात वळकटी करून अंबाडीच्या वाखाने बांधायची आणि पितळी डब्यात घालून डबा विहिरीत पाण्याच्या जरा वर लटकत ठेवायचा. सकाळी ती खडूसारखी टणक असायची. सुरीने कापली तर तुटायची, म्हणून तू शिवणाचा दोरा घेतलास. एक टोक दातात, एक हातात. चकत्या पडत गेल्या, एकसारख्या, आणि प्रत्येकीत हिरव्या-तांबड्या ठिपक्यांची वेगळी नक्षी. तू नक्षीकडे बघितलं नाहीस. जाडी बघितलीस.

मग तू आत्याला ते विचारलंस. चूल विझत आली होती, आत्या भाकरीचा शेवटचा तुकडा दुधात कुस्करत होती.

"बाई, तुमच्यासारखं कोणी जेवाले आलं बंगल्यावर, तं त्याईनं काय खावं?"

"माह्यासारखं कोण येते तिथी?"

"समजा आलं."

आत्याने बराच वेळ विचार केला. तिला कुणी काही विचारत नसे. "त्याले बिनमिठाचं दे. गोड दे. परात येगळी घे. हात धू."

पाड्यावरची एक गोंड बाई आपल्याकडे मध आणि चारोळी घेऊन यायची आणि बदल्यात मीठ न्यायची. लोण्याला ती हात लावत नसे. त्यांच्यात दूध काढत नाहीत, दूध वासराचं. त्या दिवशी तिने रेडकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि तुला विचारलं, "याले पुरते का?" तू म्हणालीस, आधी त्याले सोडतो, मंग काढतो. तिने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही, पण मधाचा द्रोण खाली ठेवला. तो मध, भाजून जाडसर कुटलेली चारोळी आणि वेगळ्या परातीत साध्या पाण्याने धुतलेलं लोणी. ती दुसरी वळकटी. तिला तू तांबडा दोरा बांधलास, घोळ होऊ नये म्हणून.

साहेब आले त्या दिवशी सकाळपासून तू बंगल्याच्या स्वयंपाकघरात आहेस. चाचा वेताच्या मोढ्यावर बसून हुकूम सोडतो आहे, तू त्यातले निम्मे ऐकते आहेस. बोडीच्या तळ्यातला मरळ मासा निखाऱ्यावर भाजला आहे. आत्या पाणी भरायच्या निमित्ताने घागर घेऊन आली आणि मागच्या दाराशीच रेंगाळली. मी पायरीवर बसले आहे. ताटं गेली. माशावर चकत्या ठेवून गेली. थोड्या वेळाने साहेबांची बायको स्वतः मागे आली, हातात वाटी, कपाळाला आठी.

"माशावर काय घातलंय?"

"लोणी जी," तू म्हणालीस.

"त्यात मीठ आहे?"

तिच्यामागून चाचा मान हलवत होता. नाही म्हण, असं त्याचं तोंड न बोलता सांगत होतं. आत्या घागरीकडे बघत होती. तू हात पुसलेस.

"हाय जी. मिठाच्या पाण्यात धुतलं हाय."

"म्हणजे घातलंच."

"म्हणाल तं घातलंच. माही ननंद बी असंच म्हणते."

"तुमची नणंद बरोबर म्हणते. दुधाचं काही मिठाबरोबर मी खात नाही. आमच्या घरात कुणीच खात नसे. ह्यांनी सगळं सोडलंय."

"मालूम नव्हतं जी. पन कोणी असंन म्हणून हे ठेवलं होतं." तू तांबडा दोरा सोडलास, पान उघडलंस. "याची परात येगळी. याले मीठ लागलं नाई."

तिने पानाकडे बघितलं, मग तुझ्याकडे. तव्यावरची पोळी तू तिला दिलीस, वर मधाची चकती ठेवलीस. ती उभ्यानेच खाऊ लागली. स्वयंपाकघरात उभ्याने खाणारी बाईसाहेब मी पुन्हा कधी बघितली नाही.

"हे कुणासाठी केलं होतंत?"

"तुमच्यासाठीच जी. तुमी कोण ते ठाऊक नव्हतं."

थोड्या वेळाने व्हरांड्यातून बोलावणं आलं. तू पुढे, चाचा तुझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. मी भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत आले. साहेबांच्या ताटात माशाचा काटा तेवढा उरला होता. त्यांनी चाचाचं सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की जेवण उत्तम होतं, पण ही जागा पुरुषाची आहे. दौऱ्यावर पुरुष माणसं येतात.

"ते जेवतात ना जी?"

"जेवतात. पण रात्री-अपरात्री येतात."

"नाकेदार बी रात्री-अपरात्रीच येत होते. त्याईले म्याच वाढत होती."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. ती दारात उभी होती. ती म्हणाली, "माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलं होतं तिनं. मी येणार हे माहीत नसताना." एवढंच. साहेब टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, काही दिवस बघू.

इथे कुणीही थांबलं असतं. तू थांबली नाहीस.

"अजून एक हाय जी. माही ननंद माह्यासंग राहीन. अन् म्हैस."

"म्हैस कशाला?"

"लोणी कुठून आणू जी?"

दारातून हसण्याचा आवाज आला. साहेबही हसले. ते हसले म्हणजे झालं, हे चाचाला आधी कळलं. त्याचा तुझ्या खांद्यावरचा हात खाली आला. नाला ओलांडताना आत्या तुझ्या दोन पावलं मागे होती आणि कुरकुरत होती.

"माही ननंद म्हणते, माही ननंद म्हणते. साहेबाच्या बायकोपुढं मले कायले ओढलं त्याच्यात?"

"तुमीच तं होत्या त्याच्यात बाई. तुमाले इचारलं नसतं तं दुसरं लोणी केलंच नसतं."

आत्या पलीकडच्या काठावर पोचल्यावर म्हणाली, "त्या मधात चारोळी जरा जास्तच झाली होती."

ते काही दिवस मी चांद्याच्या वसतिगृहात गेले, शिकले, शिकवायला लागले, तरी चालूच होते. बंगल्यावर किती साहेब आले आणि गेले. काहींनी तुझ्या लोण्याचं नाव लांब नेलं. मीठवालं लोणी आत्याने मरेपर्यंत तोंडात घातलं नाही, आणि मधाची वळकटी तिच्याशिवाय कुणी बांधू धजलं नाही. माणसं समजून घ्यायची तुझी रीत मी नंतर फार ठिकाणी शोधली, शिकल्यासवरल्या लोकांतही शोधली. जो खाणार नाही त्याच्यासाठी आधी एक परात बाजूला ठेवायची. वाद घालायचा नाही, आपलं सोडायचंही नाही. मला ती पुरती साधली असं म्हणत नाही, पण बरीच साधली. मी तुझ्याच वाटेने आले आणि मला त्याबद्दल शंका नाही. आता वयानेही मी तुझ्या पुढे गेले आहे, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहिते आहे.

हे पत्र टपालात पडायचं नाही. वाचून दाखवायलाही आत्या नाही, चाचा नाही. तेव्हा राहिलेलं लिहून टाकते.

मामा ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. बाईमाणूस बंगल्यावर राहणार म्हणून तुझ्यावर चिडला, मग भाकरीवर तुझं लोणी घेऊन जेवला, आणखी मागून घेतलं, आणि दुपार कलताना रिकामी गाडी घेऊन परत गेला. तू आणि आत्या वेशीपर्यंत गेलात. मी आले नाही. पोटात दुखतं असं सांगितलं होतं.

राजुऱ्याला मामेबहिणी होत्या, झोपाळा होता, रस्त्यावर माणसं होती. साहेब यायच्या आदल्या दिवशीच मी माझं बोचकं बांधून गोठ्यामागे ठेवलं होतं. पाटी, दोन परकर, काचेच्या बांगड्या. पायरीवर बसून तू आत काय बोलतेस ते ऐकत होते तेव्हा साहेबांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. तुम्ही दोघी वेशीवरून परत यायच्या आत मी बोचकं सोडलं आणि सगळं जागच्या जागी ठेवलं.